ओळ संपू द्या, अण्णा

माझ्या क्लासला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी दम भरते. बाबांनो, लिपसिंग म्हणजे नुसते ओठ हलवणं नव्हे. गाणं स्पीकरवर लागलं की आपणही घसा फोडून गायचं. बेसूर निघू दे, रेडा ओरडल्यासारखं निघू दे, तो आवाज कुणी ऐकणार नाही. पण गळ्याची शीर फुगली पाहिजे, छाती भरली पाहिजे. नुसते ओठ हलवलेत तर कॅमेऱ्यात तुम्ही शेंगा खाताय असं दिसतं. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही बडबडत असेन. जामखेडच्या स्टँडजवळ हार्डवेअरच्या दुकानावर माझी स्टुडिओची खोली आहे. मी लग्नं, बारशी, वाढदिवस शूट करते. मधल्या दिवसांत अल्बम साँगमध्ये हिरो-हिरोईन व्हायला निघालेल्या पोरापोरींना लिपसिंग, लाईट, कॅमेरा धरणं, थोडंफार एडिटिंग शिकवते. बाई कॅमेरा खांद्यावर घेते म्हणून सुरुवातीला लोक हसले. आता त्यांच्याच पोरींच्या हळदीला रुपालीताई पाहिजे असते. असू दे, तो विषय वेगळा.

सांगायचंय ते वैजनाथ अण्णांचं. वैजनाथ भिमाजी गर्जे, खर्ड्याच्या रस्त्याला आत एक गाव आहे, तिथले. फाल्गुनात गेले. माझ्याकडे शिकायला आलेल्यांत वयानं सगळ्यात मोठे आणि सगळ्यात हट्टी. आणि पहिल्या दिवसाचा माझा तो धडा ज्यांच्या काही कामाचा नव्हता असे एकटेच.

उन्हाळा चालू होता. एक पोरगा केस उडवत आरशासमोर प्रॅक्टिस करत होता आणि मी त्याच्यावर डाफरत होते, तेवढ्यात दारात एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. तिच्या मागं एक उंच, वाळलेला माणूस. एवढ्या उकाड्यात त्यानं गळ्याला पांढरं उपरणं गुंडाळलेलं.

"गान्याचं शूटिंग शिकवत्यात ते हितंच का?" बाईनं विचारलं.

"हो, इथंच. मुलगा कुठंय तुमचा? की मुलगी?"

"पोरं न्हाईत. ह्यास्नी शिकायचंय."

तो पोरगा फिसकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, पण खरं सांगते, हसू मलाही आलं होतं. पन्नाशी उलटलेला माणूस, पायात टायरची चप्पल, आणि म्हणे हिरो व्हायचंय! मी म्हटलं, "बसा अण्णा. काय काय शिकायचंय?" त्यांनी तोंड उघडलं, ओठ हलले, आणि काहीच ऐकू आलं नाही. पंख्याचा आवाज जास्त येतोय असं वाटून मी पंखा बंद केला. परत ओठ हलले. परत काही नाही. फक्त उपरण्याच्या आतून सायकलच्या चाकातली हवा सुटावी तसा आवाज आला.

"ते मनत्यात, गानं हाय, त्याचा व्हिडिओ करायचाय," बाई म्हणाली. मग तिनं त्यांच्या उपरण्याची गाठ सैल केली आणि मला दाखवलं. गळ्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या जरा वर, रुपयाएवढं भोक होतं. त्यांचा श्वास तिथून आत-बाहेर होत होता. पोरगा पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर सटकला. मला उठता येईना आणि बघवेनाही.

बाईचं नाव झुंबरबाई. बोलायचं सगळं काम तिच्याकडेच होतं. तिनं सांगितलं ते असं. दरसाल दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जायची, कधी बारामतीकडे, कधी पार कर्नाटकात. दिवसभर तोड करून टोळी तळावर आली की वैजनाथ अण्णा गायचे. गावात असले की भजनात, जत्रेत, भारुडात गायचे. आवाज असा की मोटार बंद करून लोक ऐकायला यायचे, असं ती म्हणाली. गालात तंबाखूचा बार मात्र कायम. मग आवाज बसला. सगळे म्हणाले, जागरणं झाली, बसणारच. काढे झाले, मध-हळद झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून शिंगणापूरला तेल घालून झालं. शेवटी नगरला नेलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर आलंय, पण आमच्या तोंडात नगरच बसलंय. तिथल्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. स्वरयंत्र अख्खं काढावं लागेल म्हणाले, जीव राहील, आवाज राहणार नाही.

ऑपरेशनला आठवडा होता. अण्णा दवाखान्यातून घरी गेलेच नाहीत. त्यांच्या बहिणीचा मुलगा रविराज भिंगारला एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला आहे, त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, माझं एक गाणं घेऊन ठेव. स्वतः रचलेलं गाणं, तळावरची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, मोडून ऊसतोडीहून परत निघायच्या दिवसाचं.

"आता रविराज मनतो, मामा, यूट्यूबवर चेहरा चालतो," झुंबरबाई म्हणाली. "तुमच्या गान्यावर एखादा चांगला पोरगा हुबा करू. तवापसून ह्यांनी त्याच्याशी बोलनं टाकलंय. म्हंजे, बोलनं तसं कुनाशीच न्हाई आता. पन त्याच्याकडं बगनं पन टाकलंय."

अण्णांनी तिचा हात दाबला, ओठ हलवले. ती त्यांच्या तोंडाकडे नीट बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. "ते मनत्यात, आवाज माझा हाय, त्याला माझंच तोंड लागलं पायजे. मी जायच्या आत." आणि पुढचं ती स्वतःचं बोलली, अगदी सपाट आवाजात. "आजार परत आलाय. आता फुफ्फुसात हाय."

तिनं पिशवीतून मोबाईल काढून दिला, मी गाणं लावलं.

*कोपी मोडून चाललो, चूल राहिली मागं,*
*इस्तू विझला बाई, मन अजून जागं.*

आवाजाला खरखर होती, आजाराचीच ती. पण 'मागं' म्हणताना ती ओळ अशी लांबवली होती, अशी हळूहळू खाली आणून ठेवली होती, की मी मोबाईल उचलून कानाशी धरला. साथीला एक तुणतुणं, बाकी काही नाही. अल्बमवाल्यांची ढणढण ऐकून किटलेली बाई मी, पण ते गाणं मी लगेच परत लावलं. मी म्हटलं, "उद्यापासून या."

आता मला वाटलं होतं, हा माणूस तर लिपसिंगचा बादशहा निघणार. दिवसभर बिनआवाजाचे ओठच हलवतो, गाणं स्वतःचं, त्यात शिकवायचं काय? कपाळ माझं! पहिल्या दिवशी शूट करून बघितलं तर एक ओळ जुळेल तर शपथ. ओळीच्या सुरुवातीला बरोबर, मधे बरोबर, आणि 'मागं'चा आवाज चालूच, तोवर ह्यांचं तोंड मिटलेलं. वर मान बाजूला वळवून, निवांत श्वास घेतायत! पुढच्या ओळीला परत तेच. आवाज गातोय आणि माणूस तोंड मिटून बघतोय. भुताटकीच.

"अण्णा, ओळ संपू द्या," मी म्हणायचे. ते मान डोलवायचे आणि परत तोंड मिटायचे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी पहिल्यापासून चिडकी, माझी पट्टी वाढायला लागली. "ओळ संपू द्या, अण्णा! तुमचंच गाणं आहे ना? कुणी मागं लागलंय का?" तेही कमी नव्हते. टेबलावर हात आपटायचे, स्पीकरकडे बोट दाखवायचे, मनगटावर बोट ठोकायचे. म्हणजे चूक माझी नाही, त्याची आहे, तो लांबवतोय. तो म्हणजे ते स्वतःच. मी म्हटलं, "मग भांडा त्याच्याशी. मी चहा पिऊन येते."

चहा घेऊन आले तर झुंबरबाई भिंतीला टेकून हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. म्हणाली, "ताई, ह्यांची सवय हाय ती. फुडचं राधाकिसन भावजी धरत्यात ना."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे भजन-भारुडात पुढचा गाणारा ओळ टाकतो, आणि ती पुरी व्हायच्या आत मागचे झीलकरी ती उचलतात. टाळ दणाणतात, दहा जण एकदम सूर लावतात, तेवढ्यात पुढचा श्वास घेऊन दुसऱ्या ओळीला तयार होतो. राधाकिसन म्हणजे अण्णांचा लहानपणापासूनचा जोडीदार, गावातही आणि ऊसतोडीच्या टोळीतही त्यांचा मुख्य झीलकरी. अण्णांनी ओळ अर्ध्यावर आणायची आणि राधाकिसननं शेवटाला न्यायची, असा सगळा जन्म गेलेला. भिंगारच्या त्या स्टुडिओत मागं कुणी नव्हतं. त्या एका दिवशी अण्णांना स्वतःच्या ओळी स्वतःच संपवाव्या लागल्या. ओठांना ती सवय कुठून असणार? ते राधाकिसनला जागा करून देत होते.

हे कळल्यावर मी ओरडणं बंद केलं. तसं पूर्ण नाही, पण बरंच.

दुसऱ्या दिवशी त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि गाण्याच्या आवाजाची ती डोंगरासारखी रेघ स्क्रीनवर काढून दाखवली. हा बघा 'कोपी', इथं ओठ मिटले पाहिजेत, 'पी'ला. हे 'मोडून', परत मिटले. आणि हे बघा 'मागं', इथून सुरू आणि हे इथपर्यंत चालू आहे. डोंगर हळूहळू उतरत सपाट होत जातो तोपर्यंत तोंड उघडं. आणि हा मधला बारीक उंचवटा दिसतो ना, तो तुमचा श्वास. अण्णा खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी स्क्रीनवर त्या बारीक उंचवट्यावर बोट ठेवलं आणि दुसरा हात उपरण्यावर ठेवला. मग माझ्याकडे बघून ओठ हलवले. एवढे दिवस झाले होते, मला तेवढं झुंबरबाईशिवाय कळलं. "नाकानं?" असं विचारत होते. हो अण्णा, तेव्हा तुम्ही नाकानं श्वास घेत होता. त्यांनी बोट बराच वेळ तिथंच ठेवलं. मला उगाच राग आला, कुणाचा ते माहीत नाही. तंबाखूचा, डॉक्टरांचा, देवाचा, कुणाचा तरी.

त्या दिवसापासून माणूस पेटला. एकदा शिकायला लागले ते सगळंच शिकायला लागले. उन्हाकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळा पडतो, मग समोरून थर्माकोलचा पांढरा पत्रा धरून चेहऱ्यावर उजेड कसा फेकायचा, ते त्यांनी एकदा बघितलं आणि दुसऱ्यांच्या शूटला स्वतः पत्रा धरून उभे राहायला लागले. शॉट सुरू होताना कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची असते, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. हे काम तर त्यांनी दुसऱ्या कुणाला करूच दिलं नाही. अशी टाळी वाजवायचे की खालचा हार्डवेअरवाला वर बघायचा. क्लासातली पोरं आधी त्यांच्यापासून लांब बसायची, खोकला आला की त्या भोकातून येतो म्हणून. पुढं पुढं तीच पोरं टाळीला अण्णा पाहिजेत म्हणून अडून बसायला लागली.

घरी सराव झुंबरबाई घ्यायची. समोर बसायची, गाणं लावायची आणि म्हणायची, "उघडं ठिवा. उघडं. आजून. हां, आता मिटा." मी तिला एकदा विचारलं, तुम्हाला कसं आहे हो गाणं? म्हणाली, "चांगलं हाय की. लोकांना आवडंल." आणि पिशवी आवरायला लागली. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दाखवलं होतं, तेही तिनंच सांगितलं. एकदा लावून बघितलं तर रेडिओत बिघाड झाल्यासारखा आवाज निघाला, दारातलं कुत्रं भुंकत सुटलं. अण्णांनी ते तिथल्या तिथं परत दिलं.

दिवाळीनंतर शरीर उतरायला लागलं. जिना चढताना मधे बसायचे. काही दिवस यायचेच नाहीत, मग एकदम येऊन टाळीला उभे. मी म्हटलं, आता थांबण्यात अर्थ नाही.

शूट आम्ही त्यांच्याच रानात केलं, ज्वारी उभी होती तिच्या बांधावर. सकाळची वेळ, वारा मरणाचा. वाऱ्यानं उपरणं उडायचं आणि भोकात धूळ गेली की खोकल्याची उबळ. प्रत्येक उबळीनंतर झुंबरबाई ओलं फडकं घेऊन धावायची. टेकवर टेक वाया गेले. एकदा तर खाली बसले ते उठेचनात. मी म्हटलं, अण्णा, उद्या करू. त्यांनी मान हलवली आणि जोरात टाळी वाजवली. मग मी कॅमेरा लावला. त्या टेकला 'मागं' आला आणि त्यांनी तोंड मिटलं नाही. आवाज उतरत गेला, उतरत गेला, ओठ उघडेच, डोळे समोर रानात. आवाज पूर्ण थांबला तेव्हा त्यांनी ओठ मिटले. सगळ्या ओळी तशाच. मी कॅमेऱ्यामागं रडत होते आणि थर्माकोल धरलेली पोरंही. झुंबरबाई तेवढी कोरडी होती. तिचं लक्ष उपरण्याकडे होतं.

व्हिडिओ टाकला. लाखो लोकांनी बघितला वगैरे काही नाही, आमच्या तालुक्यापुरता फिरला. आणि खाली लोकांनी लिहायला सुरुवात केली. आवाज भारी, पण ओरिजिनल सिंगर कोण? म्हातारा नुसता तोंड हलवतोय, गळा बघा, हलत पण नाही. खऱ्या गायकाचं नाव टाका. मी रात्रंदिवस उत्तरं देत बसले, हा त्यांचाच आवाज आहे, ऑपरेशनच्या आधीचा. कोण वाचतो? लोकांना भांडायचं असतं, वाचायचं नसतं. अण्णांना मी यातलं काही दाखवलं नव्हतं. पण मोबाईल गावात प्रत्येकाकडे आहे.

अण्णांच्या गावच्या जत्रेला कमिटीनं मला शूटिंगला बोलावलं होतं. दुपारी मारुतीच्या पारावर माणसं बसली होती, भजनी मंडळाचा स्पीकर लावलेला. अण्णा खांबाला टेकून बसलेले, आता फार बारीक झालेले, शेजारी झुंबरबाई. कुणीतरी हौसेनं त्यांचं गाणं लावलं. गाणं संपलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग राधाकिसन उठून त्यांच्याजवळ आला, पांढऱ्या मिशांचा, सभ्य माणूस. खाली वाकून म्हणाला, "वैजा, वाईट वाटून घिऊ नको. तोंड तू लई चांगलं हलवलंस. पन ह्यो आवाज तुजा न्हाई."

अण्णांनी स्वतःच्या छातीवर बोट ठोकलं.

"जलमभर तुज्या मागं हुबा व्हतो मी," राधाकिसन म्हणाला. "मला कळत न्हाई का? तू चांगला गायचास, पन असा शेवट तू कदी केला न्हाईस. भाच्यानं दुसऱ्या कुनाचा तरी आवाज लावला आसंल. आसू दे, त्यात काय."

आजूबाजूच्या चार माना हलल्या. अण्णांचे ओठ भराभरा हलायला लागले. कुणाला काही कळेना. झुंबरबाई म्हणाली, "ते मनत्यात, माजाच हाय. मी सोता तितं बसले व्हते, भावजी."

"वैनी, तुमी तर मननारच की."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. शेवट त्यानं खरोखरच कधी ऐकला नव्हता. अण्णांनी दोन्ही हात वर केले, टाळी वाजवायला असावेत, आणि ते तसेच मांडीवर पडले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. जिवाचा आटापिटा करून हा माणूस एवढ्यासाठी जगला होता, की गावानं म्हणावं, हा आवाज वैजनाथचा. आणि गाव, ज्यानं सगळ्यात आधी म्हणायचं, तेच त्याला समजावून सांगत होतं की तुझा नाही. माझं डोकं फिरलं. मी पारावरून उतरले आणि रविराजला फोन लावला. म्हटलं, "मामाची मूळ फाईल पाठव. कापलेली नको. माईक चालू केल्यापासूनची अख्खी. आत्ता." तो काहीतरी सबब सांगायला लागला, तर त्याला मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फाईल आली. मी ऐकूनही बघितली नाही. सरळ स्पीकरला जोडली आणि म्हटलं, "राधाकिसनबापू, बसा इथं. सगळ्यांनी गप ऐका."

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रविराज म्हणाला, "मामा, गायच्या आधी काहीतरी बोला, माईकचा आवाज बसवतो."

"काय बोलू?"

राधाकिसन ताडकन उठून उभा राहिला. गाण्याचा नव्हे, हा बोलायचा आवाज, रोज पारावर तंबाखू मागणारा, त्याला शिव्या देणारा. तो चुकायचा कसा?

"काही पण बोला, मामा."

स्पीकरमधला वैजनाथ खाकरला. "झुंबर, तू जेवली का? भाकर पिशवीत हाय बग. माझ्यासाठी थांबू नको, मला येळ लागंल. आन त्या भितीला टेकू नको, ओला रंग हाय, लुगडं खराब हुईल."

मी अण्णांकडे बघितलं. ते झुंबरबाईकडे वळले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. महिनोन्महिने मी ज्यासाठी घसा फोडला होता, ते कुणी न शिकवता होत होतं. 'झुंबर' म्हणताना ओठ मिटले, 'भाकर'ला मिटले, खाकरल्याच्या जागी सुद्धा छाती हलली. एक अक्षर मागं नाही, एक अक्षर पुढं नाही. आवाज स्पीकरमधून येत होता आणि माणूस तिच्याशी बोलत होता.

"जेवले," झुंबरबाई म्हणाली. "जेवले म्हनलं ना." आणि एवढे दिवस कोरडी राहिलेली ती बाई भर पारावर पदर तोंडात कोंबून ओरडून रडायला लागली.

पुढं गाणं सुरू झालं. राधाकिसननं अण्णांचे पाय धरले. "तुजी ओळ मी कदी संपू दिलीच न्हाई रं वैजा," असं काहीतरी म्हणत होता. लोक एकमेकांना सांगत होते, वैजूचाच हाय, वैजूचाच हाय आवाज. जे पाहिजे होतं ते सगळं झालं, पण अण्णांचं तिकडे लक्ष नव्हतं, ते बायकोकडे बघत होते.

झुंबरबाईनं डोळे पुसले आणि माझा हात धरला. "ताई, गानं बंद करा," ती म्हणाली. "गानं नको मला. ते जेवनाचं परत लावा."

मी फाईल मागं घेतली. अण्णांनी उपरणं नीट केलं, सरळ बसले, आणि तिच्याकडे तोंड करून थांबले.